विमानी कसरतींची स्पर्धा कशी पाहावी

2024 सालच्या जानेवारी महिन्यात मुंबईला मरीन ड्राइव्हवर वायुदलाने विमानांच्या कसरती दाखवल्या. समुद्रकाठी माणसांची दाटी झाली होती. सूर्यकिरण पथकाची विमाने एकमेकांना खेटून आली, धुराचे पट्टे सोडून गेली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी जिंकले कोण, असे मात्र कोणी विचारले नाही. विचारायचे कारणच नव्हते. ते प्रदर्शन होते. वैमानिकांनी कौशल्य दाखवायचे आणि आपण डोळे भरून पाहायचे, एवढाच तो व्यवहार.

आज मला बोलायचे आहे ते या प्रदर्शनाच्या चुलत भावाविषयी, म्हणजे विमानी कसरतींच्या स्पर्धेविषयी. इथे एका वेळी एकच विमान आकाशात असते. खाली खुर्च्या मांडून पंच बसलेले असतात. प्रत्येक कोलांटीला, प्रत्येक गिरकीला ते गुण देतात आणि शेवटी बेरीज करून क्रमांक लावतात. हा खेळ युरोपात आणि अमेरिकेत चांगला रुजला आहे. आपल्याकडे सामान्य माणसाला पाहायला मिळतात ती बहुधा वायुदलाची प्रदर्शने. पण आता खेडोपाडी मोबाइल पोहोचला आहे आणि या स्पर्धांची चित्रफीत घरबसल्या पाहता येते. परवा एका शाळामास्तरांनी मला विचारले, "अहो, ते विमान वर जातं, उलटं होतं, खाली येतं. सगळ्यांचं सारखंच दिसतं. मग एकाला पहिला नंबर आणि दुसऱ्याला विसावा, हे कसं ठरतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचेच उत्तर आज देऊ पाहतो.

आधी मल्लखांबाची आठवण करा. जत्रेत एखादा गडी खांबावर चढून उलटा लटकला की पोरे ओरडतात, पैसे फेकतात. पण तोच मल्लखांब स्पर्धेत असला की पंच काय पाहतात? पकड कशी होती, शरीराची रेघ सरळ होती की वाकडी, उतरताना पाय डगमगले का. धाडस दोन्हीकडे आहे, पण स्पर्धेत गुण मिळतात ते रेखीवपणाला. विमानाचेही तसेच आहे. आपल्याला जे भयंकर वाटते त्याला पंच कधी कधी पाच गुण देतात, आणि जे साधे वाटते त्याला नऊ. हा फरक ज्याला दिसू लागला, त्याला स्पर्धा दिसू लागली. तोपर्यंत आपण नुसते विमान पाहत असतो.

या खेळाचा उगमच मुळी धाडस आणि अचूकपणा यांच्या भांडणातून झाला. 1913 साल. विमान जन्माला येऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. रशियन सैन्यातील प्योत्र नेस्तेरोव या तरुण वैमानिकाने 9 सप्टेंबर रोजी कीव्ह येथे आपले विमान उभ्या वर्तुळात फिरवले. जगातला हा पहिला लूप. त्याचे म्हणणे असे, की हवेत विमानाला सगळीकडून आधार असतो, तो नीट वापरला तर विमान कोणत्याही स्थितीतून सावरता येते. हे त्याने आधी हिशेब मांडून सांगितले होते, मग करून दाखवले. बक्षीस काय मिळाले? सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून अटकेची शिक्षा! पुढे वरिष्ठांना त्याची किंमत कळली, शिक्षा राहिली बाजूला आणि त्याला बढती मिळाली.

त्याच महिन्यात फ्रान्समध्ये आदोल्फ पेगू यानेही ब्लेरिओ विमान उलटे चालवले आणि लूप केला. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. ऑगस्टमध्ये त्याने हवाई छत्री बांधून विमानातून उडी मारली आणि विमान दिले सोडून. खाली येताना तो पाहतो तर ते रिकामे विमान आपल्या आपणच आकाशात कोलांट्या घेते आहे! माणूस नसताना विमान हे करू शकते, तर माणूस असताना का नाही, असा विचार त्याच्या मनात आला म्हणतात. नेस्तेरोव गणितातून तिथे पोहोचला आणि पेगू निरीक्षणातून. दोघेही पहिल्या महायुद्धात कामी आले.

मधली वर्षे मी भराभर ओलांडतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कसरतींचे मेळावे पुष्कळ झाले, पण त्यांचे स्वरूप बरेचसे सर्कशीचे होते. आज ज्याला जागतिक अजिंक्यपद म्हणतात ती मालिका 1960 साली चेकोस्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा या गावी सुरू झाली. तिथे लादिस्लाव बेझाक हा चेक वैमानिक त्याच्याच देशात बनलेल्या झ्लीन विमानावर पहिला आला. हाच बेझाक पुढे 1971 साली बायकामुलांना छोट्या विमानात घालून सरहद्द ओलांडून पश्चिम जर्मनीत निसटला. असो.

स्पर्धा म्हटली की भांडण आलेच. एका पंचाला एक आवडे, दुसऱ्याला दुसरे. वैमानिक म्हणे मी अमुक केले, पंच म्हणे तमुक दिसले. यावर तोडगा काढला तो होसे लुईस आरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाने. त्याने विमानाच्या प्रत्येक हालचालीला एक खूण ठरवली. गवई जसे स्वरलेखन करतात, तसे हे उड्डाणलेखन. 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ही पद्धत सर्वत्र मान्य झाली आणि थोड्याफार सुधारणा होऊन आजही तीच चालू आहे.

रेडिओवर बोलण्यात एक अडचण असते, चित्र काढून दाखवता येत नाही. पण हे भाषण पुस्तिकेत छापून येईल तेव्हा वाचणारांनी हाताशी पाटी किंवा कागद घ्यावा. एक लहान काळा ठिपका काढा. ती आकृतीची सुरुवात. त्यातून आडवी रेघ काढा. विमान सरळ चालले आहे. रेघ अखंड असेल तर विमान सुलटे आहे, म्हणजे वैमानिक आपल्यासारखा डोके वर करून बसला आहे. रेघ तुटक असेल तर विमान उलटे, वैमानिक पट्ट्यांना लोंबकळतो आहे. आता रेघ उभी वर न्या. विमान सरळ आकाशात चढले. त्या रेघेवर आडवा बाण काढला की तिथे विमानाने स्वतःभोवती गिरकी घ्यायची. याला रोल म्हणतात. त्रिकोण काढला तर गिरकी झटक्याची, तिच्याविषयी पुढे सांगतो. शेवटी रेघेच्या टोकाला एक लहानशी आडवी काडी मारा, आकृती संपली. अशा दहाबारा आकृत्या एकापुढे एक जोडल्या की वैमानिकाची सबंध कसरत एका कागदावर मावते. तोच कागद वैमानिक समोर काचेखाली चिकटवतो आणि तोच पंचांच्या मांडीवर असतो. प्रेक्षकालाही तो मिळाला तर अर्धे काम झाले. रेडिओवर कुस्तीचे धावते वर्णन ऐकताना डावांची नावे माहीत असली की कसे सगळे डोळ्यांपुढे उभे राहते, तसेच हे आहे.

आता आखाडा. जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या टाकून एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद चौकोन आखतात. त्यावर साधारण एक किलोमीटर उंचीपर्यंतची हवा म्हणजे या खेळाचा आखाडा. विमान त्याच्या बाहेर गेले की गुण कापले जातात. खालचीही मर्यादा असते. सर्वांत वरच्या वर्गातील वैमानिकाला जमिनीपासून 100 मीटरपर्यंत उतरण्याची मुभा आहे, त्याखालच्या वर्गाला 200 मीटर, आणि नवशिक्यांना त्याहूनही बरेच उंच ठेवतात. 100 मीटर म्हणजे किती? समजा, विमान ताशी 300 किलोमीटर वेगाने सरळ खाली येते आहे. सेकंदाला सुमारे 83 मीटर झाले. म्हणजे त्या रेषेच्या खाली उरतो तो एक सेकंद आणि वर थोडासा. म्हणून ही मर्यादा मोडणाराला पंच दयामाया दाखवत नाहीत.

वैमानिक आखाड्यात शिरतो तेव्हा पंख तीनदा हलवतो. पहिलवान मैदानात उतरून दंड थोपटतो ना, तसे. तिथून गुण सुरू. कसरत संपली की पुन्हा तीनदा पंख हलवतो. प्रत्येक आकृती दहा गुणांपासून सुरू होते आणि चूक दिसेल तसे गुण उतरत जातात. ठरलेल्या कोनापासून पाच अंश चूक झाली की एक गुण गेला, अडीच अंशाला अर्धा. उरलेल्या गुणांना त्या आकृतीच्या अवघडपणाच्या आकड्याने गुणतात. समजा आकृतीचा आकडा 20 आहे आणि पंचाने साडेआठ दिले, तर 170 झाले. आणि सांगितलेल्या आकृतीऐवजी दुसरीच केली, तर शून्य. मग ती कितीही सुरेख केलेली असो.

पेपर तपासणाऱ्या आम्हा मास्तर लोकांना या पंचांचा हेवा वाटावा की कीव यावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्यापुढे उत्तरपत्रिका पडून राहते, वाटले तर पुन्हा वाचता येते. त्यांच्यापुढची उत्तरपत्रिका दोनचार सेकंदांत हवेत विरून जाते. म्हणून पंच एकटा नसतो. शेजारी एक माणूस कागद पाहून पुढची आकृती मोठ्याने वाचतो, दुसरा गुण लिहून घेतो. पंचाने विमानावरची नजर काढायची नाही. तो आकडा बोलतो, लिहिणारा लिहितो, आणि पुढची आकृती तोवर सुरू झालेली असते.

बरे, आपण काय पाहायचे? माझा सल्ला असा, की गिरकीकडे पाहूच नका. सुरुवातीला तरी नको. गिरकीच्या आधीची आणि नंतरची रेघ पाहा. विमान उभे वर चढताना मध्ये रोल असेल, तर तो रेघेच्या बरोबर मधोमध यायला हवा. आधी जेवढी रेघ, नंतरही तेवढीच. तुम्ही म्हणाल, सोपे आहे, मनात एक-दोन-तीन मोजायचे, गिरकी झाली की पुन्हा एक-दोन-तीन. पण इथेच मेख आहे. विमान वर जाताना दमत जाते, त्याचा वेग कमी होत जातो. तेव्हा नंतरची रेघ लांबीला सारखी व्हायची तर तिला वेळ जास्त द्यावा लागतो. आधी तीन मोजले तर नंतर चार, कदाचित पाच. खाली येताना नेमके उलटे. नवखा वैमानिक घाबरतो, वेग संपतोय असे वाटून घाईने नाक वळवतो आणि वरची रेघ आखूड पडते. कसलेला माणूस तिथे थांबतो. विमान जवळजवळ हवेत टांगले गेलेले असते, आणि तो थांबलेला असतो. तो थांबा ज्याला दिसला, त्याला त्या माणसाची हिंमत कुठे आहे ते कळले.

लूपचेही तसेच. उभे वर्तुळ काढणे यात काय मोठेसे, असे वाटते. पण वर्तुळ गोल हवे. अंड्यासारखे नको, इंग्रजी 'एल'सारखे तर मुळीच नको. तळाला विमान वेगात असते, माथ्यावर मंद. वेगवान गाडीला जसे रुंद वळण लागते आणि बैलगाडी जागच्या जागी वळते, तसेच इथे होते. काठी एकसारखी ओढून धरली तर तळाचे वळण रुंद पडते, माथ्याचे अरुंद, आणि वर्तुळ चिंबते. म्हणून वैमानिक खाली जोरात ओढतो आणि माथ्यावर हात हळूच सैल करतो. तळाशी त्याच्या शरीराचे वजन कित्येक पट होते. आठ पट झाले तर साठ किलोचा माणूस 480 किलोचा झाला. त्या दडपणाखाली मान ताठ ठेवून, पंखाच्या टोकाशी क्षितिज जुळते का हे पाहत, त्याने गोलाई सांभाळायची असते.

वाऱ्याविषयी एक बारकावा सांगतो. तो कळला की पंचांचे अर्धे वाद उलगडतात. उभ्या किंवा तिरप्या रेघेत पंच विमानाचा कल पाहतात. विमान अगदी उभे आहे ना? मग वाऱ्याने ते सबंध बाजूला सरकले तरी गुण जात नाहीत. लूपमध्ये मात्र नेमके उलट. तिथे प्रत्यक्ष काढलेला मार्ग गोल दिसला पाहिजे, वारा असो वा नसो. नदी ओलांडणारा नावाडी धारेचा हिशेब करून नाव जराशी वर रोखून धरतो, तसे वैमानिकाने वाऱ्याचा हिशेब करून वर्तुळ गोल राखायचे. शिवाय सबंध कसरतभर वारा विमानाला आखाड्याबाहेर ढकलतच असतो. काही आकृत्या पंचांसमोरून डावी-उजवीकडे न जाता पंचांच्या दिशेने किंवा दूर जाणाऱ्या असतात. हुशार वैमानिक त्या आकृत्यांचा उपयोग गुपचूप जागा परत मिळवण्यासाठी करतो. हे पाहण्यात मला स्वतःला फार रस वाटतो. शेतकऱ्याला तर तो चटकन कळेल. वाऱ्याची दिशा पाहून कोणत्या कडेने उफणणी करायची, हे त्याला सांगावे लागत नाही.

आता दोनतीन आकृत्या अशा, की ज्या पाहताना काळजाचा ठोका चुकतो. स्टॉल टर्नमध्ये विमान उभे वर जाते, जवळजवळ थांबते, आणि सुकाणूच्या एका लाथेने जागच्या जागी कुशीवर वळून खाली तोंड करते. चांगले झाले तर दार बिजागरीवर फिरल्यासारखे दिसते. मोठे वळसेदार फिरले तर समजा, वैमानिकाने वेग संपण्याची वाट पाहिली नाही. टेल स्लाइड याहून विलक्षण. विमान उभे चढून पुरते थांबते आणि शेपटीकडून मागे घसरते! हे घसरणे डोळ्यांना दिसले पाहिजे. मग एकदम नाक कोलमडून खाली येते. ते पुढच्या बाजूला पडायचे की मागच्या, हे कागदावर आधीच लिहिलेले असते. चुकीच्या बाजूला पडले की शून्य. उभ्या रेघेत एकदोन अंशांचा कल त्या बाजूला ठेवला, तर विमान ऐकते. हा कल पंचाला दिसला तर गुण गेले आणि विमानाला जाणवला नाही तर सगळेच गेले.

स्पिन म्हणजे विमान हवेचा आधार सुटून भोवऱ्यासारखे फिरत खाली पडणे. इथे पंच डोळ्यांत तेल घालून पाहतात ते सुरुवातीकडे. आधार खरोखर सुटला का? नाक आणि पंख एकदम खाली गेले का? वैमानिकाने नुसती जोर लावून गिरकी घेतली असेल तर ते सोंग ठरते आणि शून्य मिळते. त्रिकोणाची जी झटक्याची गिरकी मघाशी सांगितली, ती म्हणजे हीच स्पिन, पण वेगात असताना, आडवी किंवा उभी घेतलेली. एका पंखाचा आधार मुद्दाम मोडायचा, विमान चाबकासारखे फिरते, आणि ठरलेल्या अंशावर ते खटकन थांबवायचे. थांबताना पंख हलले की गुण कापलाच म्हणून समजा. एक्स्ट्रा 300 सारखी आजची विमाने आपल्या वजनाच्या दहा पट ताण दोन्ही बाजूंनी सहन करू शकतील अशी बांधलेली असतात, म्हणून हे खेळ त्यांना झेपतात.

आवाजावर मात्र विसंबू नका. विमान एक किलोमीटर दूर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तुम्ही इंजिनाची गर्जना ऐकून वर पाहाल तेव्हा ज्या आकृतीची ती गर्जना, ती संपलेली असते. लांबून कपडे धुणाऱ्या बाईचा हात वर गेलेला दिसतो आणि धोपटण्याचा आवाज मग येतो, तसा हा प्रकार.

स्पर्धेचे फेरेही निरनिराळे असतात. एक कसरत महिनोन्महिने आधी जाहीर झालेली, सर्वांनी घोटून आलेली. खरी परीक्षा असते ती अज्ञात कसरतीची. तिच्यातल्या आकृत्या स्पर्धेच्या जागीच ठरतात. त्यांत प्रतिस्पर्ध्यांनी सुचवलेल्या असतात, म्हणजे एकमेकांना जड जातील अशाच. कागद हाती पडतो बहुधा आदल्या दिवशी, आणि हवेत सराव करायची सक्त मनाई. मग वैमानिक काय करतात? ते जमिनीवर उडतात! धावपट्टीच्या कडेला एकेक जण डोळे अर्धवट मिटून, तळहाताचे विमान करून, पुढे-मागे चालत, वाकत, गिरक्या घेत असतो. तळहात उलटा झाला की मान वाकडी. न जाणणाऱ्याला वाटावे, अंगात आले आहे. हा देखावा प्रेक्षकाने चुकवू नये. माझ्या मते सबंध दिवसातला तो सर्वांत बोलका भाग आहे. शिक्षकबंधूंना यातून एक खेळही घेता येईल. फळ्यावर पाचसहा आकृत्या काढाव्यात, मुलांच्या हाती कागदी विमाने द्यावीत, आणि मैदानावर चालत चालत ती कसरत त्यांना करायला सांगावी. एकाने वाचायचे, एकाने गुण द्यायचे. कोन, दिशा, उलटे-सुलटे हे सगळे पायांनी शिकले जाते.

या खेळात बायकांची कामगिरीही मोठी आहे. अमेरिकेच्या पॅटी वॅगस्टाफ 1991 साली त्यांच्या देशाच्या अजिंक्यपदात पुरुषांसकट सर्वांच्या वर आल्या; हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. रशियाच्या स्वेतलाना कापानिना यांनी 1996 ते 2011 या काळात स्त्रियांचे जागतिक अजिंक्यपद सात वेळा जिंकले. पंचाला खालून विमान दिसते, आत कोण बसले आहे ते दिसत नाही.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हे सगळे अंश नि रेघा ठीक, पण जिवावरच्या खेळात अडीच अंशांचा एवढा काटेकोरपणा कशाला? त्यांना मी नील विल्यम्सची हकीकत सांगतो. हा इंग्लंडचा नामांकित वैमानिक. 1970 सालचे जागतिक अजिंक्यपद इंग्लंडातच हलाव्हिंग्टन येथे व्हायचे होते. जूनमध्ये तिथेच तो झ्लीन विमानावर सराव करीत होता. सूर मारून विमान वर ओढत असता मोठा आवाज झाला आणि एका बाजूचा पंख मुळाशी खालच्या अंगाने सुटून वर दुमडू लागला. उंची बेताची, छत्री घेऊन उडी मारायला वाव नाही. विमान त्या बाजूला कलंडून जमिनीकडे निघाले. अशाच एका विमानाचा पंख पूर्वी कसा निकामी झाला होता, ही ऐकलेली गोष्ट त्याला त्या क्षणी आठवली. त्याने हिशेब केला. सुलट्या विमानात हवा पंखाला वर लोटते, म्हणून तो दुमडतो आहे. विमान उलटे केले तर तीच हवा पंखाला उलट बाजूने दाबून जागेवर बसवील. त्याने विमान उलटे केले. पंख धाडकन परत जागेवर आला. या गडबडीत इंजिन बंद पडले होते, ते त्याने उलट्या अवस्थेतच पुन्हा चालू केले. मग विमान तसेच उलटे चालवत धावपट्टीवर आणले. आता प्रश्न उतरण्याचा. उलटे तर उतरता येत नाही. अगदी जमिनीलगत आल्यावर शेवटच्या क्षणी त्याने विमान सुलटे केले. पंख पुन्हा दुमडू लागला, पण तोवर पोट जमिनीला टेकले होते. विमान घासत गेले, मोडले. विल्यम्स आपल्या पायांनी चालत बाहेर आला.

उलटे उडताना नाक किती वर धरले म्हणजे उंची घटत नाही, हे त्याला त्या दिवशी शोधत बसावे लागले नाही. पंचांनी अर्ध्या अर्ध्या गुणासाठी वर्षानुवर्षे ते त्याच्याकडून घोटून घेतले होते.

स्पर्धेच्या शेवटी चांगल्या वैमानिकांसाठी चार मिनिटांचा एक मुक्त फेरा असतो. तिथे कागद नाही, मनाला येईल ते करा; धूर सोडा, संगीत लावा. बेझाकच्या काळी प्रसिद्धीला आलेली, विमानाला शेपटीवरून डोक्यावर अक्षरशः गडगडत नेणारी लोमचोव्हाक नावाची कसरत इथे पाहायला मिळते. प्रेक्षक बहुधा याच फेऱ्याला गर्दी करतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण ज्याने आधीचे फेरे पाहिले असतील त्याला एक गोष्ट दिसेल. तो गडगडाट संपला की विमान पुन्हा एका रेघेवर येते, आणि ती रेघ सरळ असते.

प्रत्यक्ष मैदानावर जाण्याचा योग आलाच तर डोक्याला टोपी घ्या, ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा आणि दुर्बिणीचा मोह टाळा. दुर्बिणीत विमान मोठे दिसते खरे, पण क्षितिज हरवते आणि रेघ कशाशी ताडून पाहायची तेच कळत नाही. वाट पाहायची तयारी ठेवा. ढग खाली आले की सगळे तासन्‌तास बसून राहतात. आणि घरी मोबाइलवर पाहणार असाल तर पहिल्या खेपेला आवाज बंद करा. रेघेवर बोट ठेवल्यासारखी नजर ठेवा, गिरकीच्या आधी मोजा, नंतर मोजा, आणि आपले गुण आधी कागदावर लिहून मगच पंचांचे पाहा. पहिल्या दिवशी तुमचे आणि त्यांचे जुळणार नाहीत. चौथ्या-पाचव्या विमानापासून एखादा आकडा जुळू लागेल.